विचारण्याआधीच उतरलेला भाव

गोकाकहून परतल्याला आज तिसरा दिवस आहे. तरी जेवताना, हिशोबाची वही उघडताना, अगदी काजूची बी वाफवायला लावतानासुद्धा ते अर्धे मिनिट आठवते आणि कान गरम होतात. घडले म्हणावे तर काहीच नाही. करदंट ही मिठाई करणाऱ्या एका दुकानाच्या गल्ल्यासमोर मी नमुन्याचा पुडा उघडला, मालकांनी काजूचा एक गर चिमटीत धरून उजेडाकडे पाहिला आणि ‘एष्ट्री?’, केवढ्याला, एवढेच कन्नडात विचारले. मी किलोचे ८८० सांगितले. ते गप्प राहिले. मी ८६० म्हटले. ते अजूनही त्या गराकडेच पाहत होते. मी ८४० म्हटले.

कमी करा असे ते एका शब्दाने म्हणाले नव्हते. त्यांनी भुवईसुद्धा उचलली नव्हती. घासाघीस करणारे गिऱ्हाईक भेटले असते आणि मी हरले असते, तर त्याचे एवढे वाटले नसते. बाजारात तसे चालतेच. इथे समोर कोणी नसताना मी एकटीच भांडले आणि एकटीच हरले.

मनाला लागले ते निराळेच. किलोमागे गेलेले ४० रुपये हा आकडा सोलणीच्या मजुरीपेक्षा मोठा आहे. गेल्या पावसाळ्यात सोलणाऱ्या बायकांनी किलोमागे दोन रुपये वाढवून मागितले, तेव्हा मी दोन दिवस वही घेऊन बसले होते. चार-साडेचार किलो बीतून जेमतेम एक किलो गर निघतो, विजेचे बिल किती, डब्यांचा खर्च किती, हे सगळे त्यांना समजावून सांगताना माझा आवाज मुळीच कापला नव्हता. म्हणजे आवाज आहे. तो फक्त माझ्यापेक्षा लहान माणसांसमोर निघतो की काय, हा विचार त्या रात्री आला आणि नंतर झोप लागली नाही. आप्पांना हे सांगितलेले नाही. सांगितले असते तर ते काय म्हणाले असते, ते ठाऊक आहे.

आज मात्र दुसरीच एक गोष्ट ध्यानात आली. जाण्याआधी आठवडाभर मी वहिनीकडून कन्नड वाक्ये घोटून घेत होते. खानापुरात वाढलेल्या माझ्यासारखीचे कन्नड बसमध्ये आणि कचेरीत कसेबसे निभावते, पण गोकाकच्या बाजारात ते पुरणार नाही, ही भीती होती. नाव-गाव सांगण्याचे वाक्य, माल आमच्याच शेडमधला आहे हे वाक्य, आणि ३२० नंबर म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर बसतात हेही एक वाक्य. (किलो येऊन इतकी वर्षे झाली, तरी काजूची प्रतवारी पौंडातून बाहेर पडलेली नाही.) त्यानंतर चौथे वाक्य मी आपणहून मागितले होते : ‘कम्मी माडतीन्री’, कमी करते हो. वहिनी हसली होती. ‘आगंगिल्ला’, होणार नाही, हा शब्द मी तिला विचारलाच नाही. माघारीची वाट आधी पाठ करून मी बसमध्ये चढले होते, मग दुकानात पाय तिकडेच वळले तर दोष त्या मालकांचा कसा?

आणि ते कन्नडही फुकटच गेले. ८४० वर पोहोचून मी आणखी खाली उतरण्याच्या बेतात असताना मालकांनी मान वर केली आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, ‘तंगी, मराठीतच बोला की. आम्हाला अख्खा काजू कशाला? पाकळी आहे का?’ तंगी म्हणजे कन्नडात धाकटी बहीण.

करदंटात गुळाच्या पाकात डिंक, खोबरे आणि सुका मेवा पडतो आणि काजूचे तर तुकडेच करायचे असतात, हे लहानपणापासून करदंट खात आलेल्या मला कळायला नको होते काय? मी शोभेसाठी निवडून निवडून ३२० चे अख्खे गर नेले होते, आणि जी पाकळी, म्हणजे गराची सुटी झालेली फाक, कोणी घेत नाही म्हणून दिवाळीपासून डब्यांत पडून आहे, तिचा एक दाणाही पिशवीत नव्हता. लेबलवर बेळगाव छापावे की बेळगावी यावर मी आठ दिवस घालवले आणि शेवटी मराठीत एक, कन्नडात दुसरे असे दोन्ही छापले. समोरचा या मालाचे करणार काय, यावर आठ मिनिटेही घालवली नाहीत. ते गप्प होते ते बहुधा या मुलीला कसे सांगावे, या विचारात. मी मात्र त्या गप्प बसण्याला भाव लावत गेले.

उधारीचा विषय तर मी तिथे काढलाही नाही. माझ्यासारख्या लहान उद्योगाच्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत मिळाले पाहिजेत, हे २००६ च्या कायद्यात आहे, आणि ‘उद्यम’ या लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा कागद मी काच लावून शेडच्या भिंतीवर टांगला आहे. तो कागद पाहतात सोलणाऱ्या बायका आणि पाली.

आज दुपारी पाकळी निवडून, चाळून, वजन करून ठेवली. संध्याकाळी गोकाकला फोन लावला आणि मराठीतच ७६० सांगितले. पलीकडून उत्तर आले नाही. मी खिडकीचा गज घट्ट धरून उभी राहिले. ७४० जिभेच्या टोकावर आले, ते गिळले; भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुरता एक फेरा फिरला, तरी मी काही बोलले नाही. आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली. अभिमानाने छाती भरून येत होती, तोच फोनकडे पाहिले, तर रेंज गेलेली होती आणि फोन केव्हाच तुटला होता.

माडीवर जाऊन पुन्हा लावला. ‘मघाशी आवाजच आला नाही, एष्ट्री म्हणालात?’ त्यांनी विचारले. मी ७६० च म्हणाले. दहा किलो बसने पाठवा, बघू, असे ते म्हणाले; पैसे कधी देणार ते बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही.