टिपणी लिहा, खाली सही करा

फाईल पातळ होती. मयत खातेदाराच्या दोन मुलांचा वारसनोंदीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, आई आधीच वारल्याचा दाखला, सातबाराचा उतारा, गाव नमुना ६-क (वारस नोंदवही) मधल्या नोंदीची नक्कल आणि पत्त्याचा पुरावा म्हणून जोडलेली जुन्या शिधापत्रिकेची झेरॉक्स. आडनाव आणि गट नंबर काळ्या शाईनं खोडलेले. एम.ए. लोकप्रशासनाच्या वर्गात प्रत्येकापुढे या फाईलचा एक संच होता आणि फळ्यावर एकच ओळ होती: ‘टिपणी लिहा, खाली सही करा.’

ती ओळ लिहिणारे सर तलाठी म्हणून नोकरीला लागले, पुढे मंडळ अधिकारी झाले आणि तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या विभागात ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’, म्हणजे प्रत्यक्ष क्षेत्रातल्या अनुभवावर नेमलेले प्राध्यापक, म्हणून त्यांचा हा पहिला तास होता. प्रशासकीय कायदा हा पेपर माझा, म्हणून मीही वर्गात होते. तास दोघांनी मिळून घ्यायचा, हे मी त्यांच्याशी आधीच ठरवून घेतलं होतं.

त्यांची नेमणूक सहज झाली नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली या पदाची मार्गदर्शक तत्त्वं आणली. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो. पीएच.डी. किंवा शोधनिबंधांची अट नाही आणि एकूण मुदत ४ वर्षांच्या पुढे जात नाही. अध्यापनाच्याच पेशातल्या माणसाला, मग तो सेवेत असो वा निवृत्त, हे पद मिळत नाही. अनुभव शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा असावा, असंही त्यात म्हटलं आहे आणि आमची चर्चा अडकली ती याच वाक्यावर. निवृत्त सचिव किंवा पोलीस महासंचालक मिळत असताना तहसीलदार कशाला, असा सूर होता. मला ते पटलं नाही. सचिव धोरणाची फाईल पाहतो, तर माणूस समोर उभा असताना फाईल पाहायची वेळ तहसीलदारावर येते. आमचे बहुतेक विद्यार्थी स्पर्धा परीक्षा देऊन पहिल्यांदा बसणार आहेत ते अशाच टेबलावर.

मुलांनी टिपण्या लिहिल्या. सरांनी सगळे कागद गोळा केले, उभ्यानंच वाचले आणि दोन भाग केले. एका बाजूला गठ्ठा, दुसऱ्या बाजूला एकच कागद. गठ्ठ्यातला मजकूर थोड्याफार फरकानं सारखाच होता: कागदपत्रं पूर्ण आहेत, नोटिशीच्या मुदतीत हरकत आलेली नाही, सबब नोंद मंजूर करण्यास हरकत नसावी. एकानं समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या नोकरशाहीच्या सिद्धांतावर पानभर लिहून शेवटी तेच म्हटलं होतं.

“मुली किती?” सरांनी विचारलं.

वर्गात कुणी बोललं नाही. मग दुसऱ्या रांगेतली एक विद्यार्थिनी म्हणाली, “तीन, सर. शिधापत्रिकेत नावं आहेत.” वेगळा ठेवलेला कागद तिचाच होता. तिनं अवघ्या तीन ओळी लिहिल्या होत्या. शिधापत्रिकेत तीन मुलींची नावं दिसतात, अर्जात व प्रतिज्ञापत्रात ती नाहीत, मुलींचे जबाब होईपर्यंत नोंद प्रमाणित करू नये.

मला धक्का बसला तो बाकीच्यांच्या कागदांनी. याच मुलांनी आदल्या सत्रात हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या प्रश्नावर उत्तम गुण मिळवले होते. १९५६ पासूनच मुलगी ही वडिलांची वर्ग १ मधली वारस आहे, २००५ च्या दुरुस्तीनं ती वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः सहदायिक, म्हणजे मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार, झाली, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. हे सगळं त्यांना पाठ होतं. पण पत्त्यासाठी जोडलेला कागद त्यांनी पत्त्यापुरताच वाचला.

“बहिणींनी आपणहून हक्क सोडला असेल तर?” एकानं विचारलं.

“मग दस्त दाखवा. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. फाईलमध्ये आहे?”

नव्हतं.

मग सरांनी फाईलची पुढची हकिगत सांगितली. तेव्हा ते मंडळ अधिकारी होते. अर्जात फक्त भावांची नावं, त्यामुळे नोटीसही त्यांनाच गेलेली. बहिणींना तिची खबर नव्हती, हरकत येणार कुठून? सरांनी तिघींना सासरच्या गावी नोटिसा पाठवल्या आणि प्रत्येकीचा जबाब भावांना बाहेर थांबवून स्वतंत्र घेतला. दोघींनी नाव लावायला सांगितलं. तिसरी म्हणाली, मला काही नको. तरी तिचंही नाव लागलं, कारण तोंडी ‘नको’ म्हटल्यानं हिस्सा जात नाही. द्यायचाच असेल तर तिनं पुढे रीतसर दस्त करावा.

वर्ग भारावून गेला होता. तास तिथं संपला असता तर मुलं एका भल्या अधिकाऱ्याची गोष्ट घेऊन घरी गेली असती. मी उठून विचारलं, “सर, जमीन महसूल अधिनियमातली रीत अशी, की तलाठ्यानं फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, धरायचा, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकत आली तर विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यायची, नाहीतर मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित करायचं. प्रत्येक बहिणीचा स्वतंत्र जबाब ही तुमची पद्धत. त्याच वेळी शेजारच्या मंडळात काय होत होतं?”

ते थोडा वेळ थांबले. “शेजारचं सोडा मॅडम. माझी बदली झाली आणि माझ्याच मंडळात ती पद्धत थांबली. नंतर आलेला अधिकारी नियमानंच वागत होता, त्याला दोष देता येणार नाही.”

त्या उत्तरानं तासाचा रोख बदलला. विवेकाधिकार, म्हणजे स्वतःच्या विचारानं निर्णय घेण्याची मोकळीक, चांगल्या हाती पडला म्हणून तिघींना न्याय मिळाला, पण जिची फाईल दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे गेली त्या चौथीनं काय करावं? मुलं पेटून बोलू लागली. जबाब सक्तीचा करा, कुणी म्हणालं. सरांनी लगेच विचारलं, एक वारस परदेशी असेल तर नोंद किती काळ अडवणार? नोंद अडली की पीककर्ज अडतं. नाव वगळणाऱ्यावर खोट्या प्रतिज्ञापत्राचा गुन्हा नोंदवा, दुसरा म्हणाला. गावात राहणारी बहीण भावावर गुन्हा नोंदवू देईल का, सरांनी विचारलं. शेवटी वर्गानं एक मसुदा केला: अर्जातली वारसांची यादी शिधापत्रिकेशी ताडून पाहायची, तफावत दिसली तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय प्रमाणीकरण नाही, आणि जबाब घ्यायचा तो तफावत दिसलेल्या प्रकरणातच. सरांनी त्यातही एक भोक दाखवलं. लग्न झाल्यावर मुलीचं नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी होतं. इथं कागद जुना होता म्हणून नावं सापडली. मसुद्यात शाळेच्या दाखल्यांची भर पडली.

अनुभवी माणसाला विद्यापीठात आणायचं ते यासाठी, असं मला ठामपणे वाटतं. एकट्यानं बोलू दिलं तर त्याच्या आठवणी होतात आणि माझ्या एकटीच्या तासाच्या नोट्स होतात. पण बहुतेक ठिकाणी त्याला शनिवारचं एखादं व्याख्यान देऊन मोकळं केलं जातं, कारण जोडीनं घेतलेल्या तासाचा कार्यभार कुणाच्या नावावर मांडायचा, हे ठरलेलं नसतं.

पैशाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. या नेमणुकांना तीन वाटा आहेत. उद्योगानं खर्च करावा, संस्थेनं स्वतःच्या निधीतून द्यावं किंवा मानद यावं. कारखान्यातल्या अभियंत्यामागे उद्योग उभा राहू शकतो. तहसीलदार, सरकारी दवाखान्यातली मुख्य परिचारिका किंवा ग्रामसेवक यांच्यामागे कोण उभं राहणार? संस्थेच्या निधीत खडखडाट असला की ‘मानद’ उरतं आणि फुकट येणं ज्याला परवडतं तोच येतो. लोकसेवेतल्या लोकांसाठी मानधनाची तरतूद शासनानंच करायला हवी. त्यांचं कौशल्य सरकारी खर्चानं घडलेलं आहे आणि ते पुन्हा उपयोगी पडणार आहे सरकारलाच.

सध्या आमच्यापुढे गुणांचा पेच आहे. टिपणीचं आदर्श उत्तर द्या, अशी परीक्षा विभागाची मागणी आहे. एकाच फाईलवर दोन वेगळ्या टिपण्या बरोबर असू शकतात, असं सरांचं म्हणणं आहे आणि ते मला मान्य आहे. म्हणून आम्ही अभ्यासमंडळापुढे प्रस्ताव ठेवला आहे, की लेखी टिपणीला निम्मे गुण द्यावेत आणि उरलेले निम्मे आम्हा दोघांसमोर तिचं समर्थन करण्याला. पुढच्या तासाची फाईल तयार आहे. अतिवृष्टीच्या पंचनाम्यांची आहे, आणि त्यात एकाच गावाच्या नुकसानीचे तलाठ्याचे आणि कृषी सहायकाचे आकडे जुळत नाहीत.