बाईंचा गुरुवार

"तिकडे चर्च मिळालं का?" घरून फोन आला की हा प्रश्न ठरलेला. इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच मी "मिळालं" असं सांगून मोकळी झाले होते. खोटं नव्हतं ते. रविवारी दहाला उपासना, दारात हसून हात मिळवणारे लोक, गीतांचे शब्द पडद्यावर. मी मागून तिसऱ्या बाकावर बसायचे आणि आशीर्वचन झालं की निघायचे. दीड वर्ष असंच गेलं. या दीड वर्षात "कशी आहेस?" असं मला शंभर जणांनी तरी विचारलं असेल आणि शंभर जणांना मी "छान" म्हणून सांगितलं असेल. हा प्रश्न नाही, नमस्कार आहे, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मग आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, मेंटॉरिंगची योजना काढली. विश्वासात मुरलेल्या माणसाने नव्याला सोबत घ्यायचं, वर्षभर भेटत राहायचं. हेतू चांगलाच होता. फॉर्म आला: वय, नोकरी, मोकळे दिवस, आवडीनिवडी. जोड्या लावणाऱ्यांनी माझी आणि दुसऱ्या एका बाईची नोकरी कॉम्प्युटरची आहे एवढं पाहून आमची गाठ घालून दिली. आम्ही तीनदा भेटलो आणि तिन्ही वेळा ऑफिसबद्दल बोललो. एक पुस्तिका होती, तिच्यात गाळलेल्या जागा भरायच्या होत्या. आम्ही त्या इमानेइतबारे भरल्या. चौथी भेट तिने पुढे ढकलली तेव्हा मला चक्क सुटल्यासारखं वाटलं, आणि तिलाही वाटलं असणार. पुढे चर्चमध्ये समोरासमोर आलो की आम्ही दोघी उगाच घाईत असल्यासारखं करायचो.

दोष कुणाचा नव्हता. पण त्या फॉर्ममध्ये माझा छंद विचारला होता. मला नेमकं काय जड जातंय, ते विचारायला जागाच नव्हती.

बाई त्या योजनेत नव्हत्याच. सत्तरी ओलांडलेल्या, प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, माझ्या मागच्या बाकावर बसणाऱ्या. एकदा मी लागोपाठ दोन रविवार गेले नाही. तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "दोन रविवार तुझी जागा रिकामी होती." कुठे होतीस, बरं नव्हतं का, काही नाही. एवढंच वाक्य. मग थोडं थांबून: "गुरुवारी सहा वाजता मी मागच्या खोलीत असते. एक तास. मार्कचं शुभवर्तमान वाचू. सोळा अध्याय आहेत, संपले की थांबू."

शुभवर्तमान म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र. त्या बोलण्यात किती विचार होता हे मला फार उशिरा कळलं. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, काम ठरलेलं आणि शेवटही ठरलेला. ज्या नात्याला शेवट नाही ते सोडायचं म्हटलं की अपराधी वाटतं, म्हणून माणूस ते धरायलाच कचरतो. सोळा अध्यायांना कोण नाही म्हणेल?

पहिली अडचण हाक मारण्याची. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, बाईंनीही तसंच सांगितलं होतं. सत्तरीच्या बाईला नुसत्या नावाने, तेही एकेरीत हाक मारायला माझी जीभ वळेना. काकू म्हणावं तर ते त्यांना काय कळणार? मग दोन महिने मी त्यांना कशानेच हाक मारली नाही. त्यांचं लक्ष जाईपर्यंत उभी राहायचे. शेवटी एकदा "बाई" तोंडातून निघालं. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, आमच्याकडे शिक्षिकेला असं म्हणतात. तेव्हापासून त्या बाई.

दुसरी अडचण खरी होती. अध्याय वाचून झाला की प्रार्थना, आणि मला इंग्रजीत प्रार्थना करता येत नव्हती. म्हणजे येत होती, पण ऑफिसच्या ईमेलसारखी. व्याकरण शुद्ध, आत काहीच नाही. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी मी मधेच अडखळून थांबले. बाई म्हणाल्या, "तू घरी कुठल्या भाषेत करतेस?" मी सांगितलं. "मग त्यातच कर. मला समजायची गरज नाही. ज्याला समजायला हवं त्याला समजतं." मी मराठीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला रडू फुटलं. दीड वर्षाचं साचलेलं होतं. बाईंना एक शब्द कळत नव्हता. त्यांनी डोळे मिटून, टेबलावर हात पालथे ठेवून शेवटपर्यंत ऐकलं आणि अगदी योग्य जागी आमेन म्हटलं. माझा आवाज खाली आला तेव्हा, असं त्या नंतर म्हणाल्या.

मार्गदर्शन म्हटलं की मला बायबलमधला प्रेषित पौल आणि त्याचा तरुण सहकारी तीमथ्य आठवायचे. रविवारच्या संदेशातही तेच येतात: पौलाकडून तीमथ्याकडे, तीमथ्याकडून विश्वासू माणसांकडे, त्यांच्याकडून इतरांकडे, अशा चार पिढ्या पौलाच्या पत्रातल्या एका वचनात आहेत. पण बाई म्हणायच्या, पौलाकडे पोचायच्या आधी बर्णबाला बघ. जेरुशलेममध्ये येशूचे शिष्य शौलाला, म्हणजे याच पौलाला, घाबरत होते, कालपर्यंत छळणारा माणूस म्हणून कुणी जवळ येऊ देईना. बर्णबा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे घेऊन गेला. पुढे अंत्युखिया शहरात मंडळी वाढली तेव्हा हाच बर्णबा शौलाला शोधायला त्याच्या गावी, तार्सला गेला. त्याने बोलावणं पाठवलं नाही, उठून स्वतः गेला, शोधून घेऊन आला आणि दोघांनी मिळून वर्षभर तिथे शिकवलं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात हे एका वाक्यात उरकलंय. मी ते वाक्य कितीदा वाचलं होतं, पण "शोधायला गेला" या शब्दांवर कधी थांबले नव्हते. "दोन रविवार तुझी जागा रिकामी होती" हे बाईंचं तार्सला जाणं होतं.

आणि मार्क तरी कोण? परंपरेने हे शुभवर्तमान ज्या योहान मार्काचं मानतात, तो पहिल्याच प्रचार-प्रवासात पौल-बर्णबाला अर्ध्यात सोडून घरी परतला होता. त्याला पुन्हा न्यायचं की नाही यावरून त्या दोघांचं इतकं बिनसलं की वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला, म्हणजे सायप्रसला गेला. पुढे तीमथ्याला लिहिताना तोच पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या काळात काय झालं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. बर्णबाचे किती गुरुवार गेले असतील त्यात?

बाई फार शिकवत नसत. प्रत्येक वेळी सुरुवातीला एकच प्रश्न: "गेल्या आठवड्यात देव तुला जवळचा वाटला की लांबचा?" लांबचा म्हटलं तरी चालायचं. त्या उपदेश करत नसत, फक्त "कधीपासून?" विचारत. मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या इतिहासात याच्याशी जुळणारी एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला त्यांच्या इमारतीवर कर्ज होतं. 1742 मध्ये ते फेडायला एकाने सुचवलं की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि बारा-बारा जणांमागे एकाने ती गोळा करावी. पेनी आणायला दारोदार गेलेल्यांना लोक घरी खरे कसे जगतात ते दिसलं. त्यांचा संस्थापक जॉन वेस्ली, त्याच्या लक्षात आलं की पैशांपेक्षा ही फेरी मोलाची आहे. मग त्या बाराच्या गटांना वर्ग म्हणू लागले, आणि आठवड्याला एकदा प्रत्येकाच्या आत्म्याचं कसं चाललंय हे विचारणं हे वर्गनायकाचं काम झालं. एवढी मोठी शिष्यत्वाची व्यवस्था उभी राहिली, ती वसुलीतून! मला हे फार आवडतं.

पण अशा नात्याची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत मेंढपाळ चळवळ म्हणून जी ओळखली गेली, तिच्यात प्रत्येक विश्वासणाऱ्याने एका वरच्या माणसाच्या अधीन राहायचं अशी शिकवण होती. काही ठिकाणी नोकरी, लग्न, पैसा, सगळ्याला त्या माणसाची संमती लागू लागली. घरं मोडली, माणसं दुखावली. तिच्या पाच प्रमुखांपैकी एकाने पुढे जाहीर माफी मागितली. बाईंना हा इतिहास ठाऊक होता. मी एकदा नोकरी बदलावी का असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते मी सांगणार नाही. तू कशाला घाबरतेयस ते सांग, त्यावर प्रार्थना करू." तेव्हा राग आला होता. आज वाटतं, माझ्यावरचा त्यांचा सगळ्यात मोठा उपकार तोच. खोलीचं दार त्या नेहमी उघडं ठेवायच्या. आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं: तू बोललेलं माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही.

सोळा अध्यायांना सोळा गुरुवार लागतील असा माझा हिशोब होता. लागले अकरा महिने. शेवटचा अध्याय झाल्यावर बाईंनी पुस्तक मिटलं आणि ठरल्याप्रमाणे थांबल्या. मी म्हटलं, आता लूकचं शुभवर्तमान घेऊ या का? "घे ना," त्या म्हणाल्या, "पण माझ्याबरोबर नको."

मी शोधायला निघाले, आणि पहिल्याच फटक्यात आपटले. मंडळीत नव्याने येऊ लागलेली एक कॉलेजातली मुलगी होती. मी तिला गुरुवार दिला, लूकही दिला आणि वर सल्लेही दिले. अभ्यास कसा करावा, कुणाशी मैत्री ठेवावी, रात्री किती वाजता झोपावं. तिने काही सांगायला तोंड उघडलं की माझं उत्तर तयार. सहाव्या आठवड्यात तिचे मेसेज बंद झाले. मी दुखावले. मग बाईंकडे तक्रार घेऊन गेले. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "तुमच्या तासात ती किती मिनिटं बोलते?"

मी हिशोब केला आणि गप्प बसले.

मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशूने बारा जणांना नेमलं ते कशासाठी, याची दोन कारणं दिलेली आहेत. आधी, त्यांनी त्याच्याबरोबर असावं. मग, त्याने त्यांना उपदेश करायला पाठवावं. मी पहिलं सोडून थेट दुसऱ्यावर उडी मारली होती. त्या मुलीची माफी मागायला मला तीन आठवडे लागले. तीही मेसेजवर नाही, चर्चच्या जिन्यात तिला गाठून. ती म्हणाली, "तुम्ही चांगल्या आहात, पण तुमच्यासमोर मला परीक्षेला बसल्यासारखं होतं." मी म्हटलं, पुन्हा सुरू करू या का, लूक नको, मार्क. सोळाच अध्याय आहेत.

सध्या आम्ही आठव्यात आहोत. शिष्य नावेत बसलेत, जवळ एकच भाकर आहे आणि येशूने थोडक्या भाकरींत हजारोंना जेवू घातलेलं पाहूनही ते भाकरीची काळजी करतायत. येशू विचारतो, डोळे असून तुम्हाला दिसत नाही का? आणि लगेच पुढे बेथसैदाचा आंधळा येतो. येशूने पहिल्यांदा हात ठेवल्यावर त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात, दुसऱ्यांदा ठेवल्यावर स्पष्ट दिसतं. परवा ती वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "त्याला एकदाच हात ठेवून बरं करता आलं नसतं का? मग दोनदा का?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती बराच वेळ पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या गुरुवारी सांगते."

बाई आता मुलीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेल्यात, ऐकायलाही कमी येतं. आज रात्री फोन करून त्यांनाही हा प्रश्न जरा मोठ्याने विचारणार आहे.