राउटर लॉग, भाग ४: फाइल १७ एमबीची, भूक ६५ची

गच्चीवरच्या पर्जन्यमापकाला जोडलेला जुना राउटर आठवत असेल. लक्ष्मीपुरीतनं भंगारात उचललेला, ६४ एमबी रॅम, आत ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी छोटी लिनक्स), यूएसबीला १६ जीबीचा पेनड्राइव्ह. या रविवारी लागणारी सगळी पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) एका टारमध्ये, म्हणजे फाइलींच्या गाठोड्यात, बांधून, दाबून चढवायची, एवढंच काम. रंकाळ्याला चक्कर मारून येईस्तोवर होईल म्हटलं. रात्रीचे साडेअकरा वाजले.

मोकळी रॅम २९ एमबी, फाइल १७ एमबी. बसायला काय हरकत? टार सोडवायला घेतला आणि चार सेकंदांत पडद्यावर एकच शब्द, 'किल्ड'. कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' आणि शेजारी एक्सझेडचं, म्हणजे फाइल दाबणाऱ्या-सोडवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव. तिसऱ्या खेपेला तर एसएसएच, म्हणजे लॅपटॉपवरनं राउटरशी असलेली जोडणीच तुटली, गच्चीवर जाऊन वायर उपटावी लागली.

चोर घरातलाच. लॅपटॉपवर १६ जीबी रॅम आहे म्हणून मी ऐटीत एक्सझेड -९, म्हणजे दाबायची सगळ्यात वरची पातळी, लावलं होतं. आपण फाइलचा आकार बघत बसतो, पण सोडवताना लागणारी रॅम ठरते डिक्शनरीवरनं. गुळाच्या अडतीतल्या वहीत 'वरीलप्रमाणे' लिहितात ना, तसंच दाबलेल्या फाइलीत 'इतकं मागं जा, इतकं उतरव' असं असतं. 'वरील' जितकं लांब मागं, तितकी मागची पानं उघडी ठेवायला लागतात. ही उघडी पानं म्हणजेच डिक्शनरी. -९ ची डिक्शनरी ६४ एमबीची, म्हणजे सोडवायला ६५. नेहमीच्या -६ ला ९ पुरतात, -१ ला फक्त २. जीझिप हे दाबायचं जुनं साधन तर ३२ केबीपेक्षा मागं बघतच नाही.

त्यात फाइल ठेवली होती टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरमध्ये. ओपनडब्ल्यूआरटीत टीएमपी म्हणजे रॅमच! २९ मधले १७ तिथंच गेले होते. हे मला माहीत होतं, तरी केलं.

कुणी म्हणेल, राउटरचं आख्खं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) एक्सझेडमध्येच असतं, ते कसं चालतं? ते स्क्वॉशएफएस नावाच्या दाबलेल्या फाइल सिस्टिममध्ये असतं, सहसा २५६ केबीच्या ठोकळ्यांत. लागेल तेवढाच ठोकळा सुटतो, मागं बघायचं ते त्या ठोकळ्यापुरतंच. लई डोक्यानं केलेलं काम आहे ते.

मग तोच ७१ एमबीचा टार पुन्हा बांधला. -६ नं १७.६ झाला, -१ नं २०. म्हणजे १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर ३ एमबी वाचवायला मी राउटरचा जीव घेत होतो. -१ चा टार थेट पेनड्राइव्हवर टाकला, मुकाट सुटला. झेडस्टँडर्ड हे दाबायचं नवं साधन वापरणाऱ्यांनो, वेग तुमचाच भारी, मान्य. पण तिथंही शेवटच्या २२ व्या पातळीची खिडकी (म्हणजे तिथली डिक्शनरी) १२८ एमबीची आहे, तेव्हा लगेच कॉलर टाइट करू नका. एक्सझेडची फाइल हाती आली की आधी एक्सझेडला -एलव्हीव्ही देऊन बघा, किती मेमरी लागेल ते तिथंच दिसतं.

रोजच्या नोंदी राउटरवरच दाबायच्या आहेत. तिथं एक्सझेडच्या वाटेला गेलो नाही, कारण दाबायला -६ लाच ९४ एमबी लागतात आणि -९ ला ६७४. गपचूप जीझिप लावलं. आज सकाळी पहिली फाइल आली, ३ केबीची. रात्रभर धो धो पडूनही आत पाऊस शून्य. वर जाऊन बघतोय तर कावळ्यानं मापकाच्या नरसाळ्यात काड्या भरल्यात.