शॅम्पेन ते ओ'हेअर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला विमानतळ लांब असण्याचं नवल नाही. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अवघडून बसायचं आणि पहाटे मुंबईत बॅगा मोजत उतरायचं. इलिनॉय विद्यापीठात शिकायला आले तेव्हा वाटलं होतं, हे आता संपलं. पण अर्बाना आणि शॅम्पेन ही जुळी गावं म्हणजे मधोमध विद्यापीठ आणि चहूकडे मका नि सोयाबीन. परदेशी जाणारं विमान पकडायचं तर शिकागोचं ओ'हेअर गाठायचं, सुमारे २२५ किलोमीटर.

गावाजवळ विलार्ड नावाचं छोटं विमानतळ आहे, पण ते तिकीट मला दर वेळी महाग पडतं. रेल्वे स्वस्त. मात्र शिकागोच्या युनियन स्टेशनवर उतरून क्लिंटन या मेट्रो स्टेशनपर्यंत चालायचं आणि तिथून ब्लू लाइन मेट्रो धरायची. ती टर्मिनल १, २, ३ च्या पोटात नेऊन सोडते, आणि आपलं विमान बहुतेक वेळा टर्मिनल ५ वर. म्हणजे परत तिथली चालकाशिवाय धावणारी छोटी गाडी. पाठीवर एक सॅक असेल तर खुशाल जा. तेवीस तेवीस किलोच्या दोन बॅगा असतील तर विद्यापीठातल्या इलिनाय युनियन या इमारतीसमोरून सुटणारी थेट बसच बरी. तीन तास लागतात.

आई पहिल्यांदा आली ती जुलैअखेरीस. गडहिंग्लजच्या पलीकडे कधी एकटी न गेलेली बाई दोन विमानं बदलून येणार होती. विमान दुपारी अडीचला उतरणार, आणि मी पहाटेच्या बसने साडेनऊलाच जाऊन बसले होते. कुठे रांग, कुठे बॅगा, कोणाला काय दाखवायचं, सगळं फोनवर पाठ करून घेतलं होतं. ती दारातून बाहेर आली तेव्हा मुठीत चार घड्यांची चिठ्ठी होती, घामाने मऊ पडलेली. माझा पत्ता आणि फोन नंबर, वहीच्या पानावर, तिच्या गोल अक्षरात. बसमध्ये बसेपर्यंत तिने ती सोडली नाही.

कँककी मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका सुरू झाला. आईची झोप उडाली. "तुरा आलाय बघ," म्हणाली. मग बराच वेळ काचेला नाक लावून बघत राहिली. पाट नाही, मोट नाही, कुठे पंपाचं खोपटं नाही.

"अगं, ह्याला पाणी कुठनं देत्यात?"

मी सांगितलं, इथे बहुतेक मका पावसावरच येतो. उलट ही सगळी दलदलीची जमीन होती. जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरून पाण्याचा निचरा केला, तेव्हा कुठे ती नांगराखाली आली. आता प्लॅस्टिकच्या नळ्या घालतात.

"म्हणजे हितं पाणी द्यायचं न्हाई, काढून टाकायचं?"

मी हो म्हणाले. त्यावर ती काही बोलली नाही. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला गेलेलं पाणी बघत तिचा जन्म गेलाय. मलाही पुढे काही सुचेना.

डिसेंबरात तिला पोहोचवायला निघालो. माझा नियम ठरलेला आहे: विमानाच्या साडेतीन तास आधी पोहोचवणारी बस निवडायची, आणि मग तिच्याही आधीची पकडायची. हा मार्ग सपाट आहे, वाऱ्याला आडवं यायला झाड नाही, टेकडी नाही. त्या दिवशी हिमवर्षाव थांबला होता, तरी शेतातलं बर्फ वाऱ्याने धुरासारखं रस्त्यावरून वाहत होतं. पुढे एक ट्रक आडवा झालेला. दोन तास आम्ही जागेवर. आईने डब्यातली धपाटी काढली, मागच्या सीटवरच्या चिनी मुलीलाही एक दिली. नंतरची बस धरली असती तर विमान गेलं असतं. माझी खात्री आहे.

ती तपासणीच्या रांगेत दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले आणि परतीच्या थांब्यावर आले. अंधार पडला होता, बोटं गारठली होती. फोन वाजला. आई गेटवर पोहोचली होती, आणि तिला एवढंच विचारायचं होतं, "तुला बस गावली काय गं?"