तुम्ही आयएमपी का देत नाही?

दर सेमिस्टरला परीक्षेच्या पंधरा दिवस आधी हा प्रश्न येतो. आयएमपी म्हणजे पेपरात हमखास येणाऱ्या प्रश्नांची यादी. मुलं केबिनच्या दारात उभी राहून विचारतात, सहकारी चहा पिताना विचारतात : बाकी सगळे देतात, मग तुम्हीच का नाही? परवा एका वडिलांचा फोन आला. "मॅडम, बारावीला पोरीला गणितात 95 होते. तुमच्याच पेपरात ती नापास कशी होते?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

पहिली आठ वर्षं मी आयएमपी देत होते. रिअल अ‍ॅनालिसिस या गणिताच्या विषयाची बारा प्रमेयं फळ्यावर लिहायचे, त्यातली बहुतेक पेपरात यायची. निकाल चांगला लागायचा. मग एका तोंडी परीक्षेत, सीक्वेन्सची लिमिट एकच असते हे प्रमेय घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मी विचारलं, "एक भागिले एन ही सीक्वेन्स घे. लिमिट शून्य, एप्सिलॉन 0.01. आता एन कितीच्या पुढे घ्यायचा?" शंभराच्या पुढे प्रत्येक पद शून्यापासून 0.01 पेक्षाही जवळ असतं, एवढंच म्हणायचं होतं. तो गप्प. "बरं, एप्सिलॉन म्हणजे काय?" तर म्हणाला, "मॅडम, तो प्रूफमध्ये असतो." यात त्याची काही चूक नव्हती. मी त्याला तेवढंच शिकवलं होतं. पुढच्या वर्षी मी आयएमपी बंद केले.

इथपर्यंतचं उत्तर मी सगळ्यांना देते, आणि ते मला आजही पटतं. एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेशपरीक्षा देणाऱ्या मुलांना तिथे सिद्धता लिहायला सांगतच नाहीत. पर्याय निवडायचे नाहीतर आकडा काढायचा. पाठ केलेली प्रमेयं तिथे कामाला येत नाहीत. पण याच्या पुढचं मी सांगत नाही.

त्यानंतरच्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. मराठी माध्यमातली, रोज एसटीने येणारी. वर्गात तिने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. इंटर्नलला 30 पैकी 4. एका संध्याकाळी ती केबिनमध्ये आली, उघडी वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, लिमिटची व्याख्या कळत नाहीये." माझ्यासमोर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींचा ढीग होता. मी मान वर न करता म्हटलं, "आधी पुस्तक वाचून ये. मग जे अडेल ते विचार." ती "हो मॅडम" म्हणाली आणि गेली. वही तिथेच राहिली. मी तिच्यावर फाईल ठेवली होती.

वही सापडली दिवाळीच्या सुट्टीनंतर. तिने पुस्तकाची अकरा पानं हाताने उतरवली होती, इंग्रजीत, आणि प्रत्येक शब्दावर पेन्सिलने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिला होता. 'लेट'वर 'होऊ दे'. 'आर्बिट्ररी'वर 'लहरी, मनमानी'. आणि 'लेट एप्सिलॉन ग्रेटर दॅन झीरो बी गिव्हन' या ओळीशेजारी, दोनदा अधोरेखित केलेलं : कुठे दिला आहे?

त्या व्याख्येला विचारण्यासारखा हाच खरा प्रश्न आहे. एप्सिलॉन समोरचा देतो. त्याने तो कितीही लहान दिला, तरी पुरणारा एन आपण काढून दाखवायचा. देणारा एक, उत्तर देणारा दुसरा. इतकी वर्षं मी ती व्याख्या फळ्यावर लिहीत होते आणि कोण कुणाला काय देतं, हे एकदाही बोलले नव्हते.

तोवर तिने माझ्या तासांना येणं सोडलं होतं; पुढच्या वर्षी तिने गणित सोडलं. तिची एसटी साडेतीनला असायची, हे तिच्या मैत्रिणीने सांगितलं. त्या दिवशी पाचनंतर ती माझ्याकडे आली होती, म्हणजे एसटी सोडून आली होती. पुढची सातला.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात 1970च्या दशकात गणितज्ञ यूरी ट्राइसमन यांनी तिथल्या प्राध्यापकांना विचारलं होतं, कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये का मागे पडतात? तयारी कमी, इच्छा कमी, घरून पाठबळ नाही, अशी उत्तरं आली. मग ते मुलांच्या राहण्याच्या ठिकाणी जाऊन बसले. ही मुलं भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी मुलं एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासत होती. ट्राइसमन यांनी सोपे वर्ग काढले नाहीत. अवघड गणितं देऊन मुलांना एकत्र बसवलं, आणि त्यांचे निकाल सुधारले. हे वाचताना मला माझं वाक्य आठवलं, स्टाफरूममध्ये कितीदा म्हटलेलं : मुलं मेहनतच करत नाहीत.

आयएमपी बंद केले ते बरोबरच होतं, असं तेव्हाची मी आजही म्हणेल. मान्य. पण त्याच्या जागी तू काय दिलंस? काहीच नाही. अपेक्षा तेवढी वाढवलीस.

आता पहिले दोन आठवडे मी व्याख्या मराठीतून बोलून घेते, एकाने एप्सिलॉन द्यायचा, दुसऱ्याने एन. शनिवारी दुपारी चौघाचौघांना फळ्यापाशी उभं करते, गणितं अवघडच देते. काही मुलं फार सुंदर विचार करू लागली आहेत. पण साडेतीनच्या एसटीची मुलं सव्वातीनला दप्तर आवरतात, आणि नापासांच्या यादीत जास्त करून त्यांचीच नावं असतात. आयएमपी दिले असते तर ती मुलगी पास झाली असती. एप्सिलॉन न कळता, पण पास. तिच्या घरी त्याला किंमत होती.

ती बारा प्रमेयं मला अजून क्रमाने आठवतात. सव्वातीनला उठणाऱ्या मुलांना ती लिहून द्यावीत का, हे या सेमिस्टरलाही माझं ठरलेलं नाही.