लहान म्हणजे एकपेशीय नव्हे

"एकपेशीय जीव लहान, बहुपेशीय मोठे" हे उत्तर परीक्षेत खपून जातं. पुण्याच्या पाषाण तलावाच्या थेंबात मात्र स्टेंटॉर सापडला तर पंचाईत होते. कर्ण्याच्या आकाराचा हा जीव म्हणजे एकच पेशी, पण ताणला की १ ते २ मिलिमीटर भरतो. शेजारचा बहुपेशीय रोटिफर जेमतेम पाव मिलिमीटरचा, आणि त्याच्या अंगात जबडा, जठर आणि मेंदूसुद्धा!

नुसतं वरवरचं पाणी बाटलीत भरून आणलं तर बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. हे जीव चिकटतात जलपर्णीच्या मुळांना. हातमोजे घाला (पाण्यात सांडपाणी मिसळतं), मुळं बाटलीवर पिळा. बाटली अर्धीच भरा आणि झाकण सैल ठेवा; घट्ट लावलं तर प्राणवायू संपून उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच कुजका वास येतो. पॅरामेशियम (चपलेच्या आकाराचे एकपेशीय जीव) भरपूर हवे असतील तर मूठभर सुकं गवत अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार करून दोन दिवस फडक्याने झाकून ठेवा. जिवाणूंमुळे पाणी गढूळ झालं की त्यात चार चमचे तलावाचं पाणी घाला. पाणी नळाचं असेल तर आधी रात्रभर उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. आठवड्याभरात वर साय धरते. थेंब तिच्या लगतचा घ्यायचा.

थेंब काचपट्टीवर ठेवा आणि त्यावर कव्हरस्लिप (पातळ काच) एका कडेवर तिरकी टेकवून हळूच सोडा. आपटली की बुडबुडे येतात, आणि जाड काळ्या कडेचा तो गोल नवखे लोक हमखास "पेशी" म्हणून वहीत काढतात. पॅरामेशियम पळत सुटतात. कापसाचे चार तंतू टाकले की त्यांत अडकतात.

आता सूक्ष्मदर्शकाच्या १० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली (खालच्या भिंगाखाली) पाहा. डोक्यावर फिरल्यासारखी दिसणारी दोन चाकं आणि आत सतत कुटणारा जबडा दिसला तर तो रोटिफर. पॅरामेशियममध्ये जबडा नाही. आत शिरलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या दोन रिक्तिका (पेशीतल्या पिशव्या) मात्र आहेत, ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली आळीपाळीने मिटताना दिसतात. खाणं, पोहणं, पाणी उपसणं, दुभंगणं, सगळं त्या एकाच पेशीकडे.

खरा फरक आहे तो कामाच्या वाटणीत. स्टेंटॉर कापला तर केंद्रकाचा अंश असलेला तुकडा पुन्हा पुरता स्टेंटॉर होतो. आपल्या यकृताची पेशी मोकळ्या पाण्यात टाकली तर पाणी शोषून फुगते आणि फुटते. मधली पायरी म्हणून व्हॉल्व्हॉक्स हे शैवाल पाहा: हिरव्या गोळ्याच्या कडेच्या शेकडो-हजारो पेशी शेपट्या हलवून गोळा पोहता ठेवतात, पण त्यांना विभागता येत नाही. पिल्लं होतात ती मोजक्या मोठ्या पेशींपासून. ती आईचा गोळा फाडून बाहेर पडतात आणि कडेच्या पेशी तिथेच मरतात. पॅरामेशियम दुभंगतो तेव्हा असं मागे काहीच उरत नाही.