नर्मदा परिक्रमा : साडेअकरा किलोंनी सुरुवात, पाच किलोंवर शेवट

ओंकारेश्वरात संकल्प सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी एका किराणा दुकानदाराने माझी सॅक आपल्या काट्यावर चढवली आणि आकडा पाहून हसत विचारले, "बाबाजी, घर बदल रहे हो क्या?" काटा ११ किलो ४०० ग्रॅम दाखवत होता. १२६ दिवसांनी त्याच काट्यावर ती ५ किलो १०० ग्रॅम भरली.

परिक्रमेत नदी नेहमी उजव्या हाताला ठेवायची असते आणि ती मध्येच ओलांडायची नसते; नदीची लांबी १३१२ किलोमीटर असल्याने दोन्ही तट मिळून चाल अडीच हजार किलोमीटरांच्या वर जाते. दिवसाला वीस-बावीस किलोमीटर चालताना पहिल्या आठवड्यातच खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले. बडवानीच्या पोस्टातून मी तिसरा कपड्यांचा जोड, दोन पुस्तके, जीन्स, जास्तीचा पॉवर बँक आणि दोन किलोंची स्लीपिंग बॅग असे पार्सल घरी पाठवले. त्यातला शेवटचा निर्णय चुकला.

शूलपाणीच्या झाडीत एका पाड्यावर मुक्काम पडला. घरात माणसे सहा आणि गोधड्या तीन होत्या. त्यांतली एक त्यांनी आग्रहाने माझ्या अंगावर घातली आणि घरातली दोन माणसे रात्रभर शेकोटीजवळ बसून राहिली. मला पहाटे हे कळले, तेव्हा हलकी सॅक मिरवण्याचा माझा उत्साह पार ओसरला. सामान कमी करताना आपला भार यजमानावर पडतो का, हे आधी पाहायला हवे होते. पुढे राजपीपळ्यात मी किलोभर वजनाचे कांबळे घेतले आणि ते अखेरपर्यंत सोडले नाही. ताट-पेलाही स्वतःचा असावा. मोठ्या आश्रमांत भांडी असतात, पण लहान कुटीत चार परिक्रमावासी एकदम आले की पंचाईत होते. कोठे शिजवलेले जेवण मिळते, तर कोठे सदाव्रत म्हणून पीठ, डाळ आणि मीठ हाती देतात; टिक्कड म्हणजे जाड रोटी भाजायला व डाळ शिजवायला दोघा-तिघांत मिळून एक लहान पातेले पुरते.

कपडे पांढरे आणि दोनच जोड, एक अंगावर व एक वाळत. सुती सदरा आणि लुंगी दिसायला छान असली, तरी पौषातल्या दवात ती सकाळपर्यंत ओलीच राहते आणि ओला कपडा सॅकमध्ये घातला की वजन वाढते व वास येतो. टेरीकॉटचे कपडे घ्यावेत. टॉवेलऐवजी पंचा न्यावा. तो डोक्याला, गळ्याला, गाळणीला आणि प्रसंगी झोळीलाही चालतो. फोडांसाठी सुई, दोरा आणि चिकटपट्टी, तापावर पॅरासिटामॉल, जुलाबासाठी ओआरएसची पाकिटे एवढे औषध पुरे; बाकीचे वाटेतल्या तालुक्याच्या गावी मिळते. नर्मदाजलाच्या कुपीचे वजन मात्र कमी करता येत नाही. तिची सकाळ-संध्याकाळ पूजा होते, म्हणून ती घट्ट झाकणाची आणि लहान घ्यावी. माझी पितळी कुपी झिरपत असे आणि तिच्यामुळे आधार कार्डाची प्रत भिजली.

पाण्यावरून आठवले. नदीच्या मुखाशी दक्षिण तटावरच्या विमलेश्वराहून समुद्रातून उत्तर तटावरच्या मिठी तलाईकडे जाणारी नाव भरतीच्या वेळेवर अवलंबून असल्याने अवेळी सुटते. त्या तीन-चार तासांत लाटांचे तुषार सगळ्यांच्या सामानावर उडतात. सॅकचे बाहेरचे आवरण कामाला येत नाही, कारण पाणी पाठीकडून शिरते. खताच्या गोणीत असते तशी जाड प्लॅस्टिकची पिशवी सॅकच्या आत घालून तिचे तोंड सुतळीने बांधावे. माझ्या शेजारच्या काकांनी तसे केले होते आणि मिठी तलाईला उतरल्यावर त्यांनीच मला कोरडी लुंगी दिली.